वर्गातील हास्य आणि हास्यातील वर्ग

‘माइंड युवर लँग्वेज’ या इंग्रजी विनोदी मालिकेचा पहिला भाग लंडन वीकेंड टेलिव्हिजन या कंपनीने ३० डिसेंबर १९७७ रोजी प्रसारित केला. या घटनेला आता अर्धशतक होत आले. तरीही कुर्ल्यातील चाळींत, नेहरूनगरच्या इमारतींत आणि स्टेशनाबाहेरच्या रिक्षांच्या रांगेत तो भाग मोबाइलच्या पडद्यावर अजून पाहिला जातो, आणि पाहणारे पोट धरून हसतात. श्रमून आलेला माणूस घटकाभर हसत असेल तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु हसून झाल्यावर या भागाविषयी जी मते ऐकू येतात ती मात्र तपासून पाहिली पाहिजेत. कारण त्या मतांचा संबंध विलायतेतील एका जुन्या मालिकेशी थोडा आणि कुर्ल्यातील माणसाच्या भाकरीशी अधिक आहे.

भागाचे कथानक साधे आहे. जेरेमी ब्राउन नावाचा तरुण शिक्षक लंडनमधील प्रौढांच्या रात्रवर्गावर रुजू होतो. परदेशांतून आलेल्या स्त्रीपुरुषांना इंग्रजी शिकविणे हे त्याचे काम. वर्गात पाकिस्तानी अली नदीम आहे, शीख रणजीत सिंग आहे, हिंदुस्थानी गृहिणी जमिला रांझा आहे. शिवाय इटालियन, ग्रीक, स्पॅनिश, जर्मन, फ्रेंच, चिनी आणि जपानी विद्यार्थी आहेत. प्रत्येक देशाचा एक नमुना आणि प्रत्येक नमुन्याची एक ठराविक खोड. जपानी म्हटला की तो कमरेत वाकणार, चिनी म्हटली की ती माओचे गोडवे गाणार, फ्रेंच म्हटली की ती नखरेल असणार. शीख आणि मुसलमान समोरासमोर आले की खडाजंगी झालीच पाहिजे. आणि हिंदुस्थानी बाई विणकामात बुडालेली व जवळजवळ मुकी. शिक्षक प्रश्न विचारतो, विद्यार्थी भलताच अर्थ लावतात, उच्चार चुकतात आणि प्रेक्षक हसतात.

१९७९ मध्ये त्याच कंपनीतील एक वरिष्ठ अधिकारी मायकेल ग्रेड यांनी वंशांची अशी साचेबंद चित्रे अपमानकारक आहेत या कारणास्तव मालिका बंद केली. मौज अशी की, ज्यांची टिंगल मालिकेत होती त्यांच्याच देशांत ती पुढे उदंड लोकप्रिय झाली. १९९३ मध्ये तिचाच हिंदी अवतार ‘जबान संभालके’ या नावाने दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर आला. तेथे पंकज कपूर हिंदीचे शिक्षक झाले आणि निरनिराळ्या प्रांतांतील व देशांतील माणसे त्यांचे विद्यार्थी. त्या वर्गात विजू खोटे यांनी वठविलेला एक मराठी विद्यार्थीही होता. म्हणजे लंडनच्या वर्गात रणजीत आणि अली ज्या बाकावर बसले होते, त्याच बाकावर सोळा वर्षांनी मराठी माणूस येऊन बसला. बाक बदलला नाही, विनोदही बदलला नाही. बदलली ती केवळ फळ्यावरची भाषा.

या भागाविषयी ऐकू येणारे पहिले मत असे: विनोद हा विनोद म्हणून घ्यावा, त्यात राजकारण शोधू नये. हे मत फार सोज्ज्वळ दिसते. तथापि, विनोद हवेत जन्माला येत नाही. माणूस कशाला हसतो यापेक्षा कोणाला हसतो हे पाहिले की समाजातील उतरंड ध्यानात येते. साहेबाचे मराठी किंवा हिंदी मोडके असले तर ते कौतुकाचे ठरते. हमालाचे इंग्रजी मोडके असले तर ते हास्यास्पद ठरते. चूक तीच, परंतु तिचा भाव चुकणाऱ्याच्या खिशावरून ठरतो. ज्या विनोदाला हा हिशोब माहीत असतो आणि तरीही जो त्यावरच पोसला जातो, त्याला निरागस म्हणणे हेही एक राजकारणच आहे.

दुसरे मत अधिक चतुर आहे. ते म्हणते की येथे सर्वच देशांची सारखीच चेष्टा आहे. जर्मनही सुटला नाही आणि पाकिस्तानीही सुटला नाही. मग पक्षपात कोठे आहे? प्रेक्षकांपैकी पुष्कळांना हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. वस्तुतः खरी मेख येथेच आहे. चेष्टा सर्वांची आहे, अपवाद फक्त एका गोष्टीचा: फळ्यावर लिहिलेल्या भाषेचा. शिक्षक गोंधळतो, चिडतो, त्याची फजितीही होते. पण त्याची भाषा कधी चुकत नाही. रणजीतला पंजाबी येते आणि तो इंग्रजीही बोलू लागला आहे. जमिलेला उर्दू येते. वर्गातील विद्यार्थ्यांच्या भाषा एकत्र मोजल्या तर दहाच्या घरात जातील. तरीही अडाणी कोण, तर ज्यांना दुसरी भाषा शिकावी लागते ते. आणि शहाणा कोण, तर ज्याला दुसरी भाषा शिकण्याची गरजच कधी पडली नाही तो. समतेचा हा नमुना सावकाराच्या वहीसारखा आहे. वहीत सगळ्या कुळांची नावे सारख्याच अक्षरांत असतात, फक्त सावकाराचे नाव कर्जदारांच्या रकान्यात नसते.

कुर्ला स्टेशनाच्या पश्चिमेला भाजी विकणारी बाई दिवसभरात मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती या चारही भाषांत भाव करते. व्याकरण कशाचेच धड नसते. तिला कोणी हसत नाही, कारण तेथे भाषा देवघेवीचे साधन असते. तिचाच मुलगा इंग्रजी मुलाखतीसाठी एखाद्या चकचकीत कार्यालयात जातो तेव्हा भाषा फाटक बनते, आणि फाटकावर उभा असलेला माणूस त्याचा उच्चार ऐकून गालातल्या गालात हसतो. हे हसू फुकटचे नसते. त्याची किंमत त्या मुलाच्या पगारातून वसूल होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, भाषेचा दरारा हा मजुरी खाली ठेवण्याचा एक स्वस्त उपाय आहे. ज्याला आपल्या बोलण्याची लाज वाटते तो वाढीव मजुरी मागत नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी इंग्रजीच्या वर्चस्वाला जो विरोध केला, त्यामागे त्या भाषेचा द्वेष नव्हता. मूठभरांच्या हाती राहिलेल्या या फाटकालाच तो विरोध होता.

आता मालिकेने काय दाखविले नाही ते पाहू. लेखक विन्स पॉवेल यांनी वर्गातील माणसांना उद्योग दिले आहेत. रणजीत भुयारी रेल्वेत आहे, इटालियन जोवान्नी स्वयंपाकी आहे, जर्मन आणि फ्रेंच तरुणी दुसऱ्यांच्या घरी मुले सांभाळतात. परंतु उद्योग दिले आणि मजुरी मात्र सांगितली नाही. ही माणसे दिवसभर कोठे राबतात, कोणासाठी राबतात, रात्री थकल्या अंगाने शाळेत का येतात, याचा त्या पडद्यावर पत्ता नाही. पहिला भाग प्रसारित झाला त्याच सुमारास त्याच शहरात काय चालले होते हे ठाऊक असले म्हणजे या मौनाचा अर्थ कळतो.

लंडनच्या वायव्य भागात ग्रनविक नावाचा फोटो धुण्याचा कारखाना होता. ऑगस्ट १९७६ मध्ये तेथील कामगारांनी संप पुकारला. संपकऱ्यांत बहुसंख्य आशियाई स्त्रिया होत्या, आणि त्यांचे नेतृत्व गुजरातेत जन्मलेल्या, पूर्व आफ्रिकेतून इंग्लंडात आलेल्या जयाबेन देसाई करीत होत्या. मागणी होती संघटनेला मान्यता आणि माणसासारखी वागणूक. १९७७ च्या उन्हाळ्यात खाणकामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी फाटकावर आले, क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी कंपनीची टपाले हाताळण्यास नकार दिला. लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशीने संपकऱ्यांना कामावर परत घ्यावे अशी शिफारस केली. मालकाने ती धुडकावली. डिसेंबर १९७७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्यतेच्या वादात मालकाच्या बाजूने निकाल दिला आणि जुलै १९७८ मध्ये संप मागे घ्यावा लागला.

तारखा ताडून पाहाव्यात. ज्या महिन्यात हा निकाल लागला त्याच महिन्याच्या ३० तारखेला जमिला रांझा विणकाम घेऊन दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अवतरली. फाटकावर एक साडी नेसलेली बाई तिला येत होते त्या इंग्रजीत साऱ्या देशाला ऐकू जाईल असे बोलत होती. पडद्यावरील बाईला मात्र बोलताच येत नव्हते. मालिका मुद्दाम संपाविरुद्ध लिहिली गेली असा याचा अर्थ मुळीच नाही, तसा आरोप करणे अन्यायाचे होईल. परंतु करमणुकीचा धंदा कोणती बाई निवडतो आणि कोणती वगळतो, हे यावरून स्पष्ट होते.

तिसरे मत आपल्या अभिमानाला हात घालते. अलीची भूमिका करणारा डिनो शफीक ढाक्याचा, रणजीतची भूमिका करणारा अल्बर्ट मोझेस सिंहलद्वीपचा, जमिला मॅसी सिमल्याची. आपल्याच नटांनी ही कामे आनंदाने केली, आपलेच लोक हसले, मग तक्रार कोणाची? या नटांचे कसब वादातीत आहे, आणि इंग्लंडातील आशियाई कुटुंबांना आपल्यासारखे चेहरे पडद्यावर पाहून आनंद झाला असेल तर तोही समजण्यासारखा आहे. पण त्या काळी त्या नटांपुढे निवड ती कितीशी होती? डिनो शफीक आधीच्या एका गाजलेल्या मालिकेत लष्करी छावणीतला चहावाला झाला होता. चहावाला की अली, एवढीच मुभा असेल तर तिला स्वेच्छा म्हणता येत नाही. चुनाभट्टीच्या स्वदेशी मिलच्या दारात बदली कामगार रोज सकाळी ‘स्वेच्छेनेच’ उभा राहत असे.

चौथे मत विरुद्ध टोकाचे आहे आणि ते काही पुरोगामी मित्रांत आढळते: असली मालिका दाखविण्यावर बंदी घालावी. हा उपाय सोपा आहे म्हणूनच निरुपयोगी आहे. ग्रेड यांनी मालिका बंद केली, त्याने हसणे थांबले नाही. शिवाय त्या वर्गातील एक गोष्ट प्रेक्षकांनी अचूक हेरली आहे: ही भिन्नदेशीय माणसे भांडतात, परंतु एकमेकांना सोडून जात नाहीत, शिक्षक अडचणीत आला की एकजुटीने त्याच्या मागे उभी राहतात. मालिकेला जे आयुष्य लाभले ते या एकजुटीमुळे. लेखकाच्या साचेबंदपणातून हे सत्य निसटून बाहेर आले आहे. ते नाकारणे म्हणजे प्रेक्षकालाच मूर्ख ठरविणे होय.

उपाय दुसऱ्या दिशेने आहे, आणि तो मराठी रंगभूमीने दाखविलेला आहे. फेबियन समाजवादी असलेल्या बर्नार्ड शॉने लंडनच्या रस्त्यावरील फूलवालीला भाषा शिकविणारा प्राध्यापक रंगविला. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिले आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा उभी केली. विषय तोच: चुकीचे उच्चार आणि शुद्ध भाषेचा शिक्षक. तेथेही प्रेक्षक मंजुळेच्या उच्चारांना हसतो. परंतु पडदा पडेपर्यंत हास्य शिक्षकाच्या अहंकाराकडे वळलेले असते, कारण विद्यार्थिनीला उलट बोलण्याचा हक्क मिळालेला असतो. कुर्ल्यापासून दोन स्टेशनांवर, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी लोकनाट्यांतून लोकांना पोटभर हसविले, पण त्यांच्या हास्याचा रोख सदैव वर होता, सावकाराकडे आणि सत्तेकडे.

रोख खाली वळला की काय होते हे मुंबईने पाहिले आहे. साठच्या दशकात ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकाने दक्षिण भारतीयांची लुंगी आणि बोली थट्टेचा विषय केली. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि थोड्याच काळात उडुपी हॉटेलांवर दगड पडू लागले. २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. मराठीचा हक्क हा निर्विवाद हक्क आहे. त्यासाठी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कामगारांनी रक्त सांडले. परंतु ज्या मराठी माणसाला ‘जबान संभालके’च्या बाकावर बसविले गेले, त्यानेच आता छडी हातात घेऊन दुसऱ्याला त्या बाकावर बसवावे, यात हक्काची प्राप्ती नाही. बाक तसाच राहतो आणि फाटकही.

मुंबईच्या रात्रशाळांनी दिवसा गिरणीत व कारखान्यात राबणाऱ्या असंख्य माणसांना अक्षरे दिली. रात्रशाळेत शिकविलेल्या कोणत्याही शिक्षकाला एक नियम ठाऊक असतो: ज्या विद्यार्थ्याला सर्वांसमक्ष हसले जाते तो दुसऱ्या दिवशी येत नाही. आज कुर्ल्यात प्रीमियरच्या मोटारी तयार होत नाहीत, स्वदेशीचा भोंगा वाजत नाही. त्या कामगारांची मुले आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवर रोज उतरणारी उत्तरेची-दक्षिणेची मुले एकाच कंत्राटदाराकडे काम मागतात, आणि एकमेकांच्या बोलीची थट्टा करीत त्याला मजुरी पाडण्याची सोय करून देतात. कार्यकर्त्यांनी या मुलांसाठी वस्तीत भाषेचे रात्रवर्ग काढावेत. तेथे परप्रांतीयाला मराठी शिकवावे, मराठी मुलाला इंग्रजी शिकवावे, आणि किमान वेतनाचा कायदा दोघांनाही त्यांच्या भाषेत समजावून द्यावा. चुकणाऱ्याला तेथे कोणी हसू नये. वर्ग सुटल्यावर सर्वांनी मिळून तो जुना भाग खुशाल पाहावा, आणि तेव्हा कोण कोणाला हसते ते लक्षपूर्वक ऐकावे.