तुम्हालाही पाठ आहे?

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत वह्या तपासत बसलो होतो. काहीतरी गुणगुणत होतो, पण माझ्या ते लक्षातही नव्हतं. समोरच्या बाईंनी मान वर केली आणि हसत विचारलं, "सर, 'महाभारत'चं शीर्षकगीत तुम्हालाही पाठ आहे?"

बाई मनाच्या चांगल्या आहेत. त्यात टोमणा नव्हता. पण मी उर्दूबरोबर मराठीही शिकवतो. 'ही' हे एवढंसं अव्यय. त्यात केवढं अंतर मावतं, हे दिवसभर डाचत राहिलं.

पाठ नसायला काय झालं? १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' दूरदर्शनवर लागायचं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. मुळशीतल्या आमच्या वाडीत एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी सगळी वाडी त्या एका ओटीवर जमायची. पावसाळ्यात चित्र हलायचं, मग अँटेनाचा बांबू फिरवायचं काम माझ्याकडे. आतून ओरडा व्हायचा, "आलं, आलं... गेलं!" चित्र येवो न येवो, महेंद्र कपूर यांचा आवाज मात्र बाहेरपर्यंत यायचा. ९४ भाग, आणि दर भागाला तेच सूर. जर्मन लोक अशा डोक्यात अडकलेल्या गाण्याला 'कानातला किडा' म्हणतात. हा किडा शिरताना कुणाचा धर्म विचारत नाही. त्याला फक्त उजळणी लागते.

आणि या मालिकेचे संवाद लिहिले कोणी? डॉ. राही मासूम रझा यांनी. गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचा हा माणूस, 'तिलिस्म-ए-होशरुबा' या उर्दू दास्तानवर पीएच.डी. केलेला. म्हणजे बांबू फिरवणाऱ्या पोराच्या आधी त्या कथेत एक मुसलमान लेखणी घेऊन बसलेला होता.

आता आपल्याकडचंही सांगतो. एका जुम्म्याला नमाजनंतर एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, पोरांच्या तोंडी दिवसभर मालिकांची गाणी. तुम्ही काही बोलत नाही?" त्यांचा मी आदर करतो, त्यांची काळजीही समजते. पण त्यांच्या प्रश्नात आणि बाईंच्या 'ही'मध्ये मला एकच गोष्ट दिसली. दोघांनीही सूर आधीच वाटून टाकले होते.

मला आठवते ती अम्मी. घरात आम्ही दखनी बोलायचो. बाजारापुरतं मोडकं मराठी तिला येई. १९९९मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया' सुरू झाली. अशोक पत्की यांची चाल, देवकी पंडित यांचा आवाज. भाकऱ्या थापता थापता अम्मीनं ते गीत पाठ केलं, मग एकेका शब्दाचा अर्थ मला विचारू लागली. मी तेव्हा शिकत होतो, मराठीचा मास्तर व्हायचा होतो. माझी पहिली विद्यार्थिनी तीच. पुढे बँकेत, दवाखान्यात ती मला सोबत न घेता जाऊ लागली. त्या गाण्यानं तिचा ईमान कमी झाला नाही. भीड तेवढी गेली.

काळजीच करायची तर वेगळ्या गोष्टीची करावी, असं मला वाटतं. आज माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात घरचा मोबाइल आहे. शीर्षकगीत आलं की बोटानं पुढे ढकलतात. एका ओटीवर बसून सगळ्यांना एकच चाल पाठ होण्याचे दिवस सरले. एकत्र पाठ केलेलं काही उरलं नाही, तर ही मुलं मोठेपणी एकमेकांना किती वेळा 'तुम्हालाही?' म्हणतील!

दुसऱ्या दिवशी बाईंना मी एवढंच विचारलं, "तुमच्या गावी अँटेना कोण फिरवायचं?"

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या, आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी आमचं बोलणं चालूच होतं.