पाचवी डिस्क घालण्याआधी

यंदाची लगीनसराई आटोपली तेव्हा स्टुडिओतल्या खोक्यात जेमतेम एका लग्नापुरती जागा उरली होती. खोकं म्हणजे चार डिस्कांचा रेड (RAID). प्रत्येक डिस्क ४ टीबीची, वापरायला मिळतात १२. बाकीचे ४ अडीअडचणीसाठी. एक डिस्क मेली तर उरलेल्या तिघींवरून तिच्यावरचं सगळं परत काढता येतं. पाचवी घातली की १६ टीबी होणार. डिस्क घेऊन आलेला पोरगा म्हणाला, ‘‘काका, पंधरा मिनिटांचं काम. चालू मशीनमध्येच सरकवतो, एडिटिंगही थांबवू नका.’’ मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

डिस्क सरकवायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते कोणी सांगत नाही. रेडचा हिशोब वह्यांसारखा असतो. तीन वह्यांत तीन आकडे, चौथीत त्यांची बेरीज. कुठलीही एक वही हरवली तरी वजाबाकी करून तिच्यातला आकडा सापडतो. (यंत्राची बेरीज जरा वेगळी असते आणि ती सगळ्या वह्यांत वाटून लिहितात, पण तत्त्व हेच.) आता पाचवी वही आली की चार-चार आकड्यांची नवी मांडणी करून प्रत्येक ओळ पुन्हा लिहायची, प्रत्येक बेरीज पुन्हा करायची. जुनं सगळं वाचायचं, सगळं पुन्हा लिहायचं. माझ्याकडे याला ४१ तास लागले. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेली पानंसुद्धा त्या ४१ तासांत उलटली जातात, आणि फाटकं पान नेमकं तेव्हाच हाताला लागतं.

आमच्या धंद्यातले एक अण्णा आहेत, पलीकडच्या तालुक्यात. त्यांच्या खोक्यात अशीच डिस्क ‘चालू मशीनमध्ये’ सरकवली गेली. दुसऱ्या दिवशी जुनी एक डिस्क बसली. तरी काम पुढे चाललं असतं, पण दुसरीवरची काही जागा वाचताच येईना. दोन वह्या गेल्यावर वजाबाकी कसली करणार? अकरा वर्षांची लग्नं गेली. अण्णा अजून सांगतात, एक बाई वडिलांचा हसरा फोटो मागायला आली होती. वडील वारले होते आणि हसरे ते त्या एकाच लग्नात होते.

म्हणून मी आधी १२ टीबीची एक सुटी डिस्क आणली आणि सगळं तिच्यावर उतरवलं. नुसतं उतरवून भागत नाही. वीस लग्नं अंदाजानं निवडून त्यांतले फोटो उघडून पाहिले. मग जुन्या डिस्कांची तब्येत तपासली. तिसरीवर आठ सेक्टर वाचता न येणारे निघाले. परत बोलावलेला पोरगा म्हणाला, ‘‘आठच आहेत काका.’’ ती आधी बदलली, खोकं पूर्ण सावरू दिलं, एकदा सगळं वाचून घेतलं आणि मगच पाचवी आत घातली. ते ४१ तास यूपीएसवर काढले. लाईट दोनदा गेली. शेवटी जागा बघतो तर १२च! डिस्कांची मांडणी वाढली तरी वरची फाइल सिस्टीम वेगळी ताणावी लागते, हे पोरगा विसरला होता. ते मात्र खरोखर पाच मिनिटांचं काम.

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवर निबंध लिहिला तेव्हा नावातला ‘आय’ ‘स्वस्त’ या अर्थाचा होता. पुढे त्याचा ‘स्वतंत्र’ झाला. स्वस्त म्हणून माल विकायला अवघड जात असावं. पण ‘सुरक्षित’ असं त्या नावात कधीच नव्हतं, ते आपण जोडलं. डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढीच रेडची हमी. चुकून फोल्डर उडवला तर रेड तो इमानेइतबारे सगळ्या डिस्कांवरून उडवतो.

माझी तक्रार आहे ती कोटेशनच्या कागदावर. त्यात डिस्क असते, बसवणावळ असते, जीएसटी असतो. दुसऱ्या प्रतीची ओळ नसते. स्टुडिओवाल्यांचं सोडा. जुने अंक स्कॅन करणारी वाचनालयं आणि एक्स-रे साठवणारे दवाखानेही हेच कोटेशन सही करून परत देतात. जागा वाढवायला पैसे आहेत आणि प्रत ठेवायला नाहीत, तर माझ्या मते जागा वाढवू नये. जुनं काही सुट्या डिस्कवर हलवावं आणि पैसे जमेपर्यंत थांबावं. विकणाऱ्यानंही प्रत पाहिल्याशिवाय खोक्याला हात लावू नये.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या गल्लीत आली तेव्हा आम्ही खोकं डोक्यावर घेऊन माळ्यावर चढलो होतो. चारही डिस्का ठणठणीत होत्या आणि चारही एकाच पुरात होत्या. म्हणून ही नवी प्रत सांगलीत ठेवलेली नाही. ती विट्याला बहिणीच्या कपाटात, शालूंच्या घडीखाली असते. दर तीन महिन्यांनी मी एस.टी.नं जातो, नवी लग्नं तिच्यावर चढवतो आणि परत ठेवतो. परवा बहीण म्हणाली, ‘‘दादा, शालू कमी झाले, डिस्कच जास्त झाल्या.’’ अजून तर एकच आहे. पण खोक्यात आता १६ टीबी झालेत, म्हणजे तिचंही खरंच.