बांधीतला सारस

दिवाळीच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या परिसरात हलक्या धानाची कापणी सुरू झालेली असते. महाशिवरात्रीच्या यात्रेला फुलणारा गड या दिवसांत निवांत असतो. लगबग असते ती धानाच्या बांध्यांमध्ये. अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान, तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, एकमेकांना लागूनच आहेत. पक्षिअभ्यासक आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी वनसेवेतली काही वर्षे इथल्याच नवेगावबांधला काढली. यंदाचा हा अंक याच मुलखातल्या एका प्रश्नाभोवती उभा आहे: कोणत्या पक्ष्याला आधी वाचवायचे?

नुसत्या हळहळीने याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी मोजावे लागते. पक्षी किती उरले, किती वेगाने घटले आणि किती प्रदेशात तग धरून आहेत, यावर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी ठरते. भारतात हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये ९४२ प्रजातींचा ताळेबंद मांडला गेला. त्यांतल्या १७८ प्रजातींना संवर्धनात सर्वोच्च प्राधान्य हवे, असे त्यातून निघाले.

रोज दिसणारा पक्षी सुरक्षितच असतो, हा समजही या नोंदींनी मोडला. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीळकंठसुद्धा घटतो आहे. गिधाडे तर डोळ्यांदेखत घटली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले आणि त्याने त्यांचे थवे संपवले. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये, तोवर फार उशीर झाला होता.

शोधाने उलटेही घडते. १८८४ नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, तो रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. पुढे मेळघाटासह आणखी जंगलांत तो आढळला आणि लाल यादीतली त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली.

सारसाची गोष्ट या दोन्हींहून वेगळी. जागतिक यादीत तो ‘असुरक्षित’ श्रेणीत, म्हणजे संकटाच्या पहिल्या पायरीवर. उत्तर प्रदेशाचा तो राज्यपक्षी, तिथे त्याची संख्याही मोठी. महाराष्ट्रात मात्र तो उरला आहे मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि आसपास, तोही मोजक्या संख्येने. जगाच्या यादीत खालच्या पायरीवर असलेला हा पक्षी राज्याच्या यादीत अगदी वर हवा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्याच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, ती उगाच नव्हे.

माणसाएवढ्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाशी घरटे रचतो. अंडी बहुधा दोनच, उबवायला महिना लागतो. तेवढ्या काळात कीटकनाशकाची फवारणी, मोकाट कुत्री, भरलेले पाणी यांतून ती वाचावी लागतात. मोठ्या पक्ष्यांचा काळ होतात विजेच्या तारा. बेशरमच्या झुडपांनी व्यापलेल्या तलावात त्यांना चरायला जागाही उरत नाही. याच तालुक्यात ढीवर समाजाच्या बायकांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत तलावांतली बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या, ते काम म्हणूनच मोलाचे.

गोंदियात दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सारसगणना होते. ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते, वनविभाग आणि शेतकरी पहाटेपासून तलावांवर बसतात. घरटे मात्र सापडते शेतकऱ्यालाच. घरट्यासाठी त्याने सोडलेल्या धानाची भरपाई शासनाने वेळेवर द्यावी. आणि वाचकांनी आपल्या गावच्या तलावावर यंदाच्या हिवाळ्यात एकदा तरी पहाटे जावे. कोणता पक्षी, किती, कुठे, कोणत्या तारखेला, एवढे वहीत लिहून ठेवावे.