यजमानानेच सोडलेली स्पर्धा
मैत्रिणींनो, 'ज्युनिअर युरोव्हिजन' ही युरोपातल्या मुलांची गाण्याची स्पर्धा. पहिली झाली २००३ मध्ये, डेन्मार्कच्या कोपनहेगनला. कल्पनेचं मूळही तिथलंच. मुलांचा असा कार्यक्रम ते घरच्या घरी आधीपासून करत होते. आणि तीनच स्पर्धांनंतर, २००५ संपताच, डेन्मार्कनेच अंग काढून घेतलं! नॉर्वेही बाहेर पडला. मुलांना तिथे जसं वागवलं जातं, ते त्यांच्या टीव्हीवाल्यांना पटेना. गाणं बंद नाही केलं हं! २००६ मध्ये स्वीडनला सोबत घेऊन शेजाऱ्या-शेजाऱ्यांतच स्पर्धा भरवली. आपल्याकडे 'लिटिल चॅम्प्स'ला एसएमएस करायला आपणही मोबाइल उचलले होतेच की. पण बाद झालेल्या लेकराचे डोळे पुसायच्या आधी कॅमेरा बंद व्हावा, असं आपल्यातल्या कितीजणींनी वाहिन्यांना कळवलं? डेन्मार्कमध्ये तर वाहिनीच उठून गेली.