भाडं वाचतं म्हणे!

भाडं नाही, सोसायटीचा मेंटेनन्स नाही, आणि सकाळी दार उघडलं की समोर तारकर्लीचा समुद्र. मोटरहोममध्ये कायमचा संसार थाटण्याचा प्रचार सध्या असा जोरात आहे. पुण्या-मुंबईतला फ्लॅट विकून चाकांवर राहायला निघालेली जोडपी मोबाइलवर दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, आपण वन-बीएचकेत उगाच कुजलो. या प्रचाराचा सगळा डोलारा ‘स्वस्त पडतं’ या दोन शब्दांवर उभा आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर आधी तेच दोन शब्द कोसळतात.

हिशोब मांडूच. ट्रॅव्हलरसारखी गाडी घेतली, तिच्यात बिछाना, ओटा, संडास, बॅटऱ्या, पाण्याच्या टाक्या बसवल्या, आणि सगळं मिळून पंचवीस लाखांत भागलं असं धरू. हेच पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 1,75,000 रुपये घरबसल्या आले असते. शिवाय विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं कोष्टक पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतं. म्हणजे पाच वर्षांत साडेबारा लाख गेले, वर्षाला अडीच. दोन्ही मिळून महिन्याला 35,000 च्या वर, आणि अजून किल्लीसुद्धा फिरवलेली नाही. विमा, टायर, सर्व्हिसिंग वेगळं. महिन्याला हजार किलोमीटर फिरायचं म्हटलं, लिटरला दहाचं अ‍ॅव्हरेज आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरलं, तर आणखी 9,000. गाडी हलवलीच नाही तर डिझेल वाचेल, कबूल. पण मग चाकं कशाला? एवढ्या पैशात मालवणात किंवा कुडाळात बरं घर भाड्यानं मिळतं आणि वर बाजारहाट होतो.

यावर उत्तर तयार असतं: जुनी गाडी घ्या, सुतारकाम स्वतः करा, दहा लाखांत होतं. होत असेल. पण गाडीचा ढाचा मनाला येईल तसा बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. आरटीओच्या मंजुरीवाचून केलेलं काम एरवी खपून जातं. अपघात झाला आणि विम्याचा दावा लावला की उघडं पडतं.

आता पावसाळा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आठवडाभर ऊन दिसत नाही, तेव्हा टपावरचं सोलर पॅनेल शोभेला उरतं. उन्हाळ्यातही बॅटरीचं गणित काही फार उदार नसतं. 150 अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी कागदावर 1.8 युनिट देते, तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातलं निम्मंच वापरायचं, आणि एक टनाचा एसी तासाला युनिटभर वीज सहज पितो. मे महिन्यातल्या घामट रात्री तासाभराची थंडी! श्रावणात गादी उचलून बघा: खालच्या प्लायला काळी बुरशी, कडेला प्लाय फुगलेला, बिजागरीतून गंजाचा तांबडा ओघळ. खारा वारा गाडीची किंमत विचारत नाही. ज्यांचं पोटच समुद्रावर आहे ते गाबीतसुद्धा 1 जूनच्या मासेमारीबंदीआधी होड्या वर ओढून झाकून ठेवतात. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा इथली पक्की कौलं उडाली, माड आडवे झाले, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. त्या रात्री पत्र्याच्या डब्यात कोणाला झोप लागली असती?

‘किनारा काय, सगळ्यांचाच आहे’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. ज्या वाळूवर गाडी लावायची ती रापणीची जागा आहे, जाळी सुकवण्याची जागा आहे. पुळणीवर पसरलेली मर्यादवेल वाळू धरून ठेवते. टायर एकदा तिच्यावरून गेला की ती तुटते आणि मग वाऱ्याला रान मोकळं. वायंगणी, तांबळडेग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि बाहेर आलेली पिल्लं उजेडाकडे धावतात. तुमच्या दाराबाहेरची रोमँटिक दिव्यांची माळ त्यांना समुद्राऐवजी तुमच्याकडे बोलावते. पाण्याचंही तेच. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरलं आहे, दोघांचं 110. दोनशे लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. मग बादली घेऊन कोणाच्या तरी विहिरीवर. देवबागसारख्या, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर एप्रिल-मेमध्ये उपसा जास्त झाला की पाणी मचूळ होतं. पाहुणा पुढच्या गावाला जातो, मचूळ पाणी घरवाल्यांना राहतं. आणि संडासाची टाकी? ‘गाडी हंय लावा, पण सकाळची घाण खंय टाकतलास?’ हा गावकऱ्याचा प्रश्न उर्मट नाही, रोखठोक आहे. मोबाइलवरच्या जोडप्यांकडून त्याचं उत्तर क्वचितच ऐकू येतं.

स्वातंत्र्याचं म्हणाल, तर ‘वाटेल तिथं मुक्काम’ ही चैन कोणाला परवडते तेही बघा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्यांना जमावानं ठेचून मारलं. त्यांच्याकडे पालं होती, मोटरहोम नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या भटकणाऱ्यांच्या महाराष्ट्रात पैसेवाल्या भटकंतीला जीवनशैली म्हणायचं आणि बिनपैशाच्या भटकंतीला संशय, हा दुटप्पीपणा आहे.

पण म्हणून ‘श्रीमंतांचं फॅड, हाकला यांना’ म्हणणारेही मला पटत नाहीत. किनाऱ्यावर पाया खणून, काँक्रीट ओतून उभं राहिलेलं लॉज कायमचं बसतं. गाडी निघून जाऊ शकते. पर्यटकांची सगळी गर्दी तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात कोंबली जाते. गाडीवाला धामापूरच्या तळ्याकडे, वालावलला, आचऱ्याच्या आतल्या वाड्यांत चार दिवस राहू शकतो आणि भाजी, मासे, दूध तिथंच विकत घेतो. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरव्हॅन पार्कची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे, पण तिच्यासाठी नवी जमीन सपाट करायची गरज नाही. या जिल्ह्यातल्या प्रत्येक वाडीत चाकरमान्यांची बंद घरं आहेत: सारवलेलं किंवा लाद्या घातलेलं खळं, विहीर, मागं शौचालय, आणि कुलूप गणपतीत उघडणार. त्या खळ्यात गाडी लावा, विहिरीचे, विजेचे, सफाईचे रोख पैसे द्या. ग्रामपंचायतीनं रात्रीचा दर ठरवून ठराव करावा, पावती फाडावी. म्हणजे गाडी वाळूवर येणार नाही आणि घाण शोषखड्ड्यात जाईल.

आणि कायमचं राहण्याबद्दल, या मातीतले जाणकार आधीच बोलून गेले आहेत, फक्त कृतीनं. दशावतारी कंपन्या जत्रांचा हंगाम सुरू झाला की रोज नवं गाव धरतात. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन चालत जायचे, आता स्वतःच्या गाडीतून. रात्रभर खेळ, दिवसा झोप, संध्याकाळी पुढची जत्रा. त्यांच्याइतकं चाकांवर जगणं आपल्याकडे फार थोड्यांनी केलं असेल. पण पाऊस धरला की पेटारा बंद होतो आणि राजा-राक्षस लावणीला आपापल्या घरी जातात. आठ महिने गाडी, चार महिने छप्पर: परवडणारं आणि झेपणारं मोटरहोम एवढंच, आणि तेही हौस म्हणून, बचत म्हणून नाही.

तेव्हा फ्लॅटचा सौदा करायच्या आधी एक करा. गाडी भाड्यानं घ्या, 1 जून ते गणपती एवढे दिवस मालवण तालुक्यात तिच्यातच काढा, आणि रोजचा खर्च वहीत लिहा. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी वही उघडून बेरीज करा, मगच एजंटाला फोन लावा.