आठ रुपयांचा जॉर्डन स्पीथ

२०२५ साली आमच्या वसतिगृहात एक वही फिरत होती. पुठ्ठ्यावर 'भारतीय अर्थव्यवस्था – टिपणे' असे लिहिलेले असल्यामुळे रेक्टरसाहेबांनी ती दोनदा हातात घेऊनही उघडली नाही. (हा अंक त्यांच्याही हाती जाईलच, तेव्हा हीच कबुली समजावी.) आत टिपणे नव्हती. जगातील पन्नासेक गोल्फपटूंची नावे आणि प्रत्येक नावापुढे रुपयांत किंमत, एवढाच मजकूर. आम्ही पाच जण. प्रत्येकाजवळ कागदावरचे शंभर रुपये. तेवढ्यात सहा खेळाडू घ्यायचे, सोमवारी सकाळी अमेरिकेतील स्पर्धा संपल्याचे कळले की त्यांचे गुण मोजायचे, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी त्याने बाकीच्यांना चहा पाजायचा. बाहेरच्या जगात याला फँटसी लीग म्हणतात. खरे पैसे लावायचे नाहीत असा आमचा नियम होता. त्याचे कारण पुढे येईल.

क्रिकेट सोडून गोल्फ का, असे कोणीही विचारील. दोष माझा. माझे मामा गेली तीस वर्षे कॅडी आहेत. साहेबलोकांची बॅग खांद्यावर घेऊन अठरा होल चालायचे, अंतर सांगायचे, कोणता क्लब घ्यावा ते सुचवायचे आणि फटका चुकला तर तोंड बंद ठेवायचे, हा त्यांचा व्यवसाय. शाळेत असताना सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जाऊन झुडपांत हरवलेले चेंडू शोधून आणत असे. खोलीत गोल्फ कळणारा मी एकटाच, म्हणून किंमती ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. स्कॉटी शेफलरला मी तीस रुपये लावले, रोरी मॅकिलरॉयला सव्वीस, आणि जॉर्डन स्पीथला आठ. आकडा चुकला असे मला आजही वाटत नाही. चुकले ते दुसरेच.

हा स्पीथ कोण, हे थोडक्यात सांगायला हवे. टेक्सासमधील डलास शहरातला मुलगा, जन्म १९९३ चा. २०१३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने जॉन डिअर क्लासिक ही स्पर्धा जिंकली. पीजीए टूरवर विशीच्या आतल्या खेळाडूने जिंकण्याची १९३१ नंतरची ती पहिलीच वेळ. २०१५ मध्ये तर त्याने कहर केला. ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा पारपेक्षा १८ फटके कमी घेऊन, म्हणजे टायगर वुड्सच्या १९९७ च्या विक्रमाशी बरोबरी साधून जिंकली. मग यू. एस. ओपन जिंकली. ब्रिटनची ओपन एका फटक्याने हुकली, पीजीए चँपियनशिपमध्ये दुसरा आला आणि जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू झाला. त्या वर्षी कोणी वही ठेवली असती तर त्याला पस्तीस रुपयेही कमी पडले असते.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधतो, कारण माझा सारा मुद्दा तिच्यावर उभा आहे. प्रत्येक होलला किती फटके लागावेत हे ठरलेले असते, त्याला पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. खऱ्या गोल्फमध्ये बर्डी आणि बोगी यांचे वजन अगदी सारखे. एकाने मिळवलेले दुसऱ्याने जाते. फँटसीत तसे नसते. अमेरिकेतील ड्राफ्टकिंग्जच्या ज्या गुणतक्त्यावरून आम्ही आमचा तक्ता उतरवला, त्यात बर्डीला तीन गुण, ईगलला आठ. आणि बोगीला उणे फक्त अर्धा! दोन फटके जास्त लागले तर उणे एक, आणि त्याहून कितीही जास्त लागले तरी उणे एकच. लोकांनी चमकदार खेळावर पैज घ्यावी म्हणून केलेली ही सोय असावी.

आता हा तक्ता घेऊन १० एप्रिल २०१६ च्या ऑगस्टाला जाऊ. मास्टर्सचा शेवटचा दिवस, नऊ होल संपले तेव्हा स्पीथ पाच फटक्यांनी पुढे. लागोपाठ दुसऱ्यांदा ही स्पर्धा तो जिंकणार हे जवळजवळ ठरलेले. दहाव्याला बोगी, अकराव्याला बोगी. बारावा होल दिसायला अगदी लहान, १५५ यार्डांचा, तीन फटक्यांचा. समोर रेज क्रीक नावाचा ओढा. पहिला चेंडू पाण्यात. दंडाचा फटका घेऊन पुन्हा मारला, तोही पाण्यात. तीन फटक्यांच्या होलला सात लागले. इंग्लंडचा डॅनी विलेट जिंकला, आणि तेथील रिवाजाप्रमाणे गतविजेत्याने नव्या विजेत्याला हिरवा कोट घालायचा असल्यामुळे तो कोट स्पीथलाच आपल्या हाताने विलेटच्या खांद्यांवर चढवावा लागला. आमच्या वहीत या होलची नोंद किती झाली असती? उणे एक.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, इंग्लंडमधील रॉयल बर्कडेलवर ओपनचा शेवटचा दिवस. तेराव्या होलला स्पीथचा फटका इतका उजवीकडे गेला की वाळूच्या टेकाडापलीकडच्या गवतात चेंडू खेळण्याजोगा राहिला नाही. दंड घेऊन, नियमात बसेल अशी जागा शोधत तो मागे मागे जात सरावाच्या मैदानापर्यंत, उभ्या असलेल्या गाड्यांपाशी पोचला. वीस मिनिटांहून अधिक वेळ गेला. प्रतिस्पर्धी मॅट कुचर तोवर शांतपणे वाट पाहत राहिला. तेथून होलपर्यंतचे अंतर कोणाच्या पुस्तिकेत लिहिलेले नव्हते आणि स्पीथ व त्याचा कॅडी मायकेल ग्रेलर यांचे त्याबद्दल एकमत होईना. अखेर कॅडीचे ऐकून त्याने मोठा क्लब बाजूला ठेवला आणि तीन नंबरचा लोखंडी क्लब घेतला. होल बोगीत सुटला. कुचर एका फटक्याने पुढे गेला. आणि मग पुढच्या चार होलला स्पीथने बर्डी, ईगल, बर्डी, बर्डी केली व तीन फटक्यांनी ओपन जिंकली.

वहीच्या हिशोबात त्या चार होलचे सतरा गुण. तेराव्याचे उणे अर्धा.

हे चित्रण मी मामांना माझ्या फोनवर दाखवले. त्यांचे लक्ष स्पीथकडे नव्हतेच. "बॅग कोणाकडं आहे रे?" त्यांनी विचारले. मी सांगितले, हा ग्रेलर पूर्वी शाळेत सहावीच्या मुलांना गणित शिकवत असे. मामा हसले. "मास्तर होय! मग अंतर बरोबर सांगणारच." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण ह्या पोराचं बघ. एवढा फसला, तरी कॅडीवर डाफरला नाही. बसून ऐकलंन् त्यानं. आमच्याकडं असा फटका गेला असता तर आधी माझी खरडपट्टी निघाली असती." मी त्यांना फँटसीचा तक्ता समजावून सांगितला आणि तेराव्या होलचे उणे अर्धा म्हणताच ते माझ्याकडे पाहत राहिले. "अरे, पण मॅच तर त्याच होलला जिंकली त्यानं," ते म्हणाले. मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतरची कथा उताराची आहे. बर्कडेलनंतर स्पीथने जवळजवळ चार वर्षे एकही स्पर्धा जिंकली नाही. जागतिक क्रमवारीत पहिला असलेला हा खेळाडू २०२१ च्या आरंभी नव्वदीच्या खाली गेला. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच टेक्सासमध्ये तो जिंकला, पुढच्या एप्रिलमध्ये आणखी एक स्पर्धा, ती त्याची तेरावी. मग पुन्हा घसरण. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथ्या होलला चार फटके घेतले असताना कार्डावर तीन लिहिले गेले, त्यावर सही करून तो निघून गेला आणि स्पर्धेतून बाद झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मनगटाची शस्त्रक्रिया. म्हणून आठ रुपये.

आकडेमोडीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तसे करणे आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना फार सोपे जाते. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी प्रत्येक फटक्याचा हिशोब मांडण्याची जी रीत दिली, तिच्यामुळे खेळाडू नेमका कोठे कमी पडतो हे कळू लागले. 'पटिंग चांगले तोच जिंकतो' हा जुना समज तिने बराच सैल केला. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना मी स्पीथची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी गाल्टनचे नाव घेतले. फार उंच बापाचा मुलगा बहुधा बापाइतका उंच नसतो, हे गाल्टनने १८८६ मध्ये दाखवले. २०१५ सारखे वर्ष कोणाच्याही वाट्याला आले तरी पुढचे वर्ष त्याहून कमीच असण्याचा संभव अधिक. सरांचे म्हणणे मला पटते. ज्याला आपण अधःपात म्हणतो त्यातला बराचसा भाग साधे परतणे असते.

तेव्हा आठ रुपये हा येत्या रविवारचा अंदाज म्हणून ठीक होता. चूक अशी झाली की दोनतीन महिन्यांत आम्ही 'स्पीथ आठ रुपयांचा आहे' असे बोलू लागलो. 'संपला तो,' हे वाक्य मीच सर्वांत जास्त वेळा उच्चारले असेन. गोल्फमध्ये कोण केव्हा संपतो? फिल मिकेलसन २०२१ मध्ये पीजीए चँपियनशिप जिंकला तेव्हा पन्नास वर्षांचा होता आणि क्रमवारीत शंभराच्याही बाहेर. उलट बाजूही सांगितली पाहिजे. डेव्हिड ड्युव्हल १९९९ मध्ये जगात पहिला होता, २००१ ची ओपन जिंकला, आणि त्यानंतर पीजीए टूरवर पुन्हा कधीच जिंकला नाही. स्पीथ या दोघांपैकी कोणाच्या वाटेने जाईल हे सांगण्याचा आव मी आणत नाही. चार मोठ्या स्पर्धांपैकी पीजीए चँपियनशिप तेवढी २०२५ अखेरपर्यंत त्याच्या हाती लागलेली नव्हती. हातात क्लब धरता येतो तोवर ती उणीव त्याला झोपू देईल असे मला वाटत नाही. अर्थात हे मत, अंदाज नव्हे.

आता पैसे न लावण्याच्या नियमाविषयी. माझा एक खोलीमित्र मोबाइलवर क्रिकेटची फँटसी खेळत असे, खऱ्या पैशांची. सुरुवातीस पन्नास रुपये, मग दोनशे. शेवटी परीक्षा अर्जासाठी घरून आलेली रक्कम त्यात गेली. मुदत संपायला दोन दिवस असताना त्याने आम्हाला सांगितले आणि आम्ही वर्गणी काढून ती भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे असे ऑनलाइन खेळ बंद केले, हे बरेच झाले. पण मला आठवतो तो त्याचा दुसराच एक उद्गार. त्याने निवडलेला एक तरुण फलंदाज शून्यावर बाद झाला, तेव्हा हा त्याला सख्ख्या वैऱ्याला द्याव्या तशा शिव्या देत होता. त्या मुलाचा तो दुसरा की तिसरा सामना होता. पैसे गेले म्हणून तो राग, असे मी तेव्हा समजलो. नंतर आमच्या फुकटच्या वहीत, नुसत्या चहापायी, मी स्पीथविषयी काय काय बोललो ते आठवले. कायद्याने पैसा काढून घेतला. किंमत लावण्याची खोड त्याच्या कक्षेत येत नाही. आणि ती खोड खेळापुरतीही राहत नाही. पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या रात्री आमच्या मजल्यावर कोण किती रुपयांचा, याची चर्चा झालीच होती. मीही चांगला स्वस्तात गेलो होतो.

वही नव्या वर्षासाठी पुन्हा काढली आहे. या खेपेला मी तक्त्यात एक दुरुस्ती सुचवली: बोगीला उणे अर्धा न धरता उणे तीन धरावे, म्हणजे दोन्हींचे वजन सारखे होईल. चौघांनी ती एकमुखाने फेटाळली. असे केले तर गंमत काय राहील, असा त्यांचा सवाल. माझा तो खोलीमित्र यंदा आमच्यात आला आहे. अर्ज वेळेवर भरला गेला, पास झाला, आता चहावर खेळतो. किंमतींचे पान त्याच्यापुढे ठेवले तेव्हा त्याने पहिले नाव स्पीथचे लिहिले. मी या वर्षी त्याला नऊ रुपये लावले आहेत. मामांना विचारले असते तर त्यांनी आकडा सांगितलाच नसता. बॅग अजून त्या मास्तरकडेच आहे का, एवढेच विचारले असते.