मोसंबीची साल आणि शेततळ्यातला मासा

जालन्यातल्या ज्यूस सेंटरमागे संध्याकाळी मोसंबीच्या सालींचा आणि चोथ्याचा ढीग साचतो. बागांमध्ये फळगळीचा सडा पडतो तो वेगळाच. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचा बराचसा भाग असा उकिरड्यावर जातो. याच जिल्ह्यात कडवंचीसारख्या गावाने शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. अशा शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ सोडून जोडधंदाही करता येतो. वाया जाणारी साल आणि तळ्यातला मासा यांची गाठ घालून द्यायला हवी. प्रश्न फक्त पैशाचा नाही, आरोग्याचाही आहे.

शेततळ्यातले पाणी वाहते नसते. मासे दाटीने सोडले, खाद्य जास्त पडले की पाण्यातला ऑक्सिजन घटतो, मासे अशक्त होतात आणि एरोमोनाससारखे जिवाणू डोके वर काढतात. अंगावर लाल चट्टे दिसले की खाद्यात प्रतिजैविक मिसळण्याचा मोह होतो. त्यातले बरेचसे औषध पाण्यात आणि गाळात उतरते. त्याला दाद न देणारे जिवाणू तेवढे टिकतात, वाढतात आणि ही ताकद माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंनाही देऊ शकतात. लघवीच्या साध्या संसर्गावरही नेहमीची गोळी चालेनाशी होते, त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि अर्धवट सोडलेले डोस जबाबदार आहेतच. पण गोठा, पोल्ट्री आणि तळेही त्यातून सुटत नाहीत. म्हणूनच युरोपीय संघाने वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके घालणे 2006 पासून थांबवले आणि भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

बंदी घातली तर पर्यायही द्यावा लागतो. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत पेक्टिन आणि फ्लेव्होनॉइड असतात. पेक्टिन आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे खाद्य ठरते. थायलंडमधील संशोधकांनी संत्र्याच्या सालीतून काढलेले पेक्टिन तिलापिया माशांना दिले, तेव्हा वाढ आणि रोगप्रतिकारशक्ती सुधारली. सर्वांत चांगला परिणाम किलोभर खाद्यात 10 ग्रॅम या प्रमाणाला दिसला. म्हणजे जास्त घातले की जास्त फायदा, असे नाही.

इथेच सावध राहायला हवे. काढलेले पेक्टिन वेगळे आणि घरी दळलेली साल वेगळी. सालीवर कीटकनाशकांचे अंश असतात, ओलसर सालीला बुरशी लागते, कडवट तेलामुळे मासे खाद्य टाळू शकतात. शिवाय साल म्हणजे औषध नव्हे. दाटी आणि घाण पाणी तसेच ठेवले तर कोणतीही भुकटी मासे वाचवणार नाही.

म्हणून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने मिळून जालन्यातच याची चाचणी घ्यावी. निम्म्या तळ्यांत नेहमीचे खाद्य, निम्म्यांत सालीची भुकटी; सोबत कीटकनाशक-अंशांची तपासणी आणि औषधाच्या वापराची नोंद. खर्च फार नाही. प्रतिजैविके निकामी झाल्यावर रुग्णाला जी किंमत मोजावी लागते, तिच्यापुढे तर काहीच नाही.